झैदची बायको हिंदा

सालेकसा
१० ऑगस्ट २००८

भाईजान,

आधी सलाम घे, मग हवा तर राग धर. फोनवर माझं नाव दिसलं की तू कापतोस, म्हणून कागद. फाडायचा ठरवला तरी दोन ओळी डोळ्यांखालून जातातच.

मराठीत लिहितेय, कारण उर्दू मला येत नाही आणि ते तुला माहीत आहे. एकाच जिल्हा परिषदेच्या शाळेत आपण शिकलो. सातवीनंतर तू कुराण पाठ करायला, हिफ्झला गेलास, मी शिकत राहिले ती बी.ए. होईपर्यंत. शिवाय तू इमाम आहेस त्या डोंगरगढच्या मशिदीच्या कमिटीतल्या कुणाच्या हाती हे पत्र लागलंच, तर छत्तीसगडातल्या त्या माणसाला मराठी अडखळत वाचावी लागेल. तेवढाच माझा फायदा.

साबेरा भाभीला आठवा लागला आहे. काल तिला गोंदियाला रहांगडाले डॉक्टरबाईंकडे नेलं होतं. सना आणि अरशद दोघेही त्यांच्याच हातचे, त्यामुळे तिचं पोट त्या दोनदा उघडून बसल्या आहेत. त्यांनी मशीन फिरवून फिरवून पाहिलं आणि मग भाभीला बाहेर न पाठवता तिच्यासमोरच बोलल्या. पिशवीवरचा जुना टाका फार पातळ झाला आहे. हे बाळ सिझरनंच काढायचं, दुखायला लागायची वाट न बघता. आणि त्याच वेळी नळ्या बांधायच्या, कारण चौथं राहिलं तर पिशवी फाटू शकते, आणि ती फाटली तर गोंदियापर्यंत पोचायलासुद्धा वेळ मिळणार नाही.

भाभीनं काल संध्याकाळी तुला फोनवर हेच सांगायचा प्रयत्न केला. मी चुलीजवळ होते, ऐकत होते. ती म्हणाली, "डॉक्टर ऑपरेशन बोल रही है." तू विचारलंस कोणतं. ती म्हणाली, "बड़ा भी, और छोटा भी." छोटं म्हणताच तू पलीकडून बोलायला लागलास आणि तिचं उरलेलं बोलणं राहूनच गेलं. फाटण्याचं ती बोललीच नाही. तू विचारलंही नाहीस.

तुझं म्हणणं मला माहीत आहे. डोंगरगढला गेलेली मामी तुझी जुम्याची तकरीर ऐकून आली होती. पाटाचं पाणी अडवता येतं, तळं बुजवता येत नाही, असं तू म्हणालास. म्हणजे मुलांत अंतर ठेवायला हरकत नाही, पैगंबरांच्या सहाबांच्या काळीही लोक तसं करत. पण कायमचं बंद करणं म्हणजे माणसाला खस्सी, खच्ची करणं, आणि ते हराम. मामीनं हे घरी सांगितलं तेव्हा अब्बा बाजारातून आणलेले बकरे दावणीला बांधत होते. ते एवढंच म्हणाले, "खस्सी बकरे की कुर्बानी जायज़ है, ये बताया क्या उसने?" आम्ही हसलो. तू असतास तर तूही हसला असतास. निदान आधीचा तू.

तू दोन वर्षांपासून या घराची पायरी चढत नाहीस, भाभीलाच तुझ्याकडे डोंगरगढला येजा करावी लागते, ते माझ्यामुळे. संस्थेच्या कामासाठी मी गावोगाव बायकांशी बोलत फिरते. सालेकशाच्या नसबंदी शिबिरात त्यांच्याबरोबर उभी होते, पेपरात फोटो आला आणि कमिटीनं तुला विचारलं, "हाफिजजी, ये आपकी बहन है?" त्याचा राग माझ्यावर ठेव. भाभीच्या पोटावर काढू नकोस.

तारीख रमजानच्या तिसऱ्या आठवड्यातली दिली आहे. त्याआधी तू हो म्हणायला हवंस. डॉक्टरबाईंना तुझी सही नको आहे, त्या भाभीच्या शब्दावर करतील. तुझं हो भाभीला हवं आहे. ते असल्याशिवाय ती करणार नाही.

अंजुम


सालेकसा
२४ ऑगस्ट २००८

भाईजान,

तुझं पत्र आलं. भाभीच्या नावानं आलं, उर्दूत आलं. म्हणजे मला वाचता येऊ नये अशी सोय. पण भाभीनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण मी तिच्यासमोरून हललेच नाही.

तू मुफ्ती साहेबांना सवाल पाठवलास आणि त्यांचं उत्तर आमच्यासाठी उतरवून काढलंस. मेहनत घेतलीस, हे मान्य. सवाल असा: झैदची बायको हिंदा दोन मुलांनंतर नसबंदी करवू इच्छिते, शरीअतचा काय हुकूम आहे? उत्तर असं: नसबंदी जायज नाही, तात्पुरत्या उपायाची मुभा आहे.

मी विचारलं, हिंदा कोण?

भाभी म्हणाली, "मैं."

मग तिनं समजावलं. फतवा विचारताना खरी नावं घालत नाहीत. नवरा असेल तर तो झैद, बायको असेल तर ती हिंदा. कुणाची अब्रू जाऊ नये म्हणून. चांगली रीत आहे, मी नाही म्हणत नाही. पण भाईजान, नावाबरोबर भाभीचं पोटही त्यातून गेलं. ना टाका, ना दोन सिझर. नुसती एक हिंदा राहिली, जिला दोन मुलं पुरे वाटतात आणि जिला मोकळं व्हायचं आहे. तिला त्यांनी नको म्हटलं. अशा हिंदाला आणखी काय म्हणतील?

"इच्छिते" हा शब्द तू कुठून आणलास? तिनं तुला कधी म्हटलं की मला करायचं आहे?

हे वाचून दाखवताना भाभीचा आवाज कसा होता ते सांगते. ती मदरशात शिकलेली, तिचं उर्दू तुझ्याहून साफ. तिनं एकही शब्द न अडखळता स्वतःला केलेली मनाई स्वतःच्या तोंडानं वाचली, मग कागदाची घडी केली आणि सनाची वेणी घालायला बसली.

शेजारची धुरपताबाई तेव्हा आली होती. आमच्या मोहल्ल्याची आशा कार्यकर्ती आहे ती, तुझ्या बारशाला तिची आई होती असं अजून सांगते. तिला सगळं समजलं नाही, पण नाही म्हटलंय एवढं समजलं. ती भाभीला म्हणाली, "कायले रडून राहिली वो? माहं झालं तवा माहा बुढा पंधरा दिवस बोलला नाही. मले आरामच होता." भाभी रडत नव्हती. पण त्यावर हसली मात्र.

तात्पुरत्या उपायांचं म्हणशील तर तेही झालं आहे. अरशदनंतर तांबी बसवली होती, अंगावरून इतकं गेलं की काढावी लागली. गोळ्या तिच्या बीपीला चालत नाहीत. आणि तुम्ही दोघं जो तिसरा उपाय करत होता, ज्याला तुझ्या किताबांत अरबी नाव आहे, त्याचं फळ आता आठ महिन्यांचं झालं आहे. बहिणीनं भावाला हे लिहू नये. लिहायची वेळ आणू नये.

तू असंही लिहिलंस की डॉक्टर गैरमुस्लिम, तिच्या सांगण्यावर एवढी मोठी गोष्ट कशी करायची. दोनदा तिच्या हाती बायको दिलीस तेव्हा हा सवाल नव्हता. पण ठीक, हाही विचारू.

येत्या शनिवारी मी आणि अब्बा कामठीला जातोय. तिथं एक म्हातारे मुफ्ती साहेब आहेत, अब्बांच्या ओळखीतल्या व्यापाऱ्यानं नाव सांगितलं. तू चुकीचा सवाल विचारलास. मी बरोबर विचारणार.

अंजुम


सालेकसा
३१ ऑगस्ट २००८

भाईजान,

कामठीहून काल आलो. जे झालं ते सरळ लिहिते, माझ्या बाजूचं नसलेलंही.

पॅसेंजरमध्ये बसायला जागा मिळाली, पण अब्बा गोंदियापासून दारातच उभे होते. आपला मुलगा इमाम असताना दुसऱ्या मुफ्तीच्या दारी जाणं त्यांना लागत होतं. मला म्हणाले, "वो हाफिज बना है, डाक्टर थोड़े बना है." थोड्या वेळानं परत आत येऊन म्हणाले, "तू भी नहीं बनी."

मुफ्ती साहेब एका छोट्या खोलीत बसतात. डोळ्यांनी कमी दिसतं. मी रात्रभर घोकून ठेवलेलं सगळं बोलले. तू पाठवलेला हिंदाचा सवाल, दोन सिझर, पातळ टाका, तांबी, बीपी. मग थांबायला हवं होतं, पण मी थांबले नाही. बाईचं शरीर तिचं आहे, तिला ठरवायचा हक्क आहे, गावोगावच्या बायका अशाच मरतात, हेही बोलले. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेला उभी राहायचे तशीच.

त्यांनी सगळं ऐकलं. डॉक्टरबाईंबद्दल नीट चौकशी केली. ती कशी आहे, पैशासाठी चिरणारी आहे का, दुसरा मार्ग असता तर तिनं सांगितला असता का. अब्बा म्हणाले की तांबी तिनंच बसवली आणि तिनंच काढली, पहिल्या वेळी नळ्या बांधायचं नावही काढलं नव्हतं. मुफ्ती साहेब म्हणाले की मग तिचा शब्द धरायला हरकत नाही. जाणकार आणि सच्चा माणूस हवा, तो मुस्लिम मिळाला तर उत्तमच, पण मिळाला नाही म्हणून कुणाला मरू द्यायचं नसतं.

मला वाटलं, झालं. मग त्यांनी माझ्याकडे तोंड करून विचारलं, "बेटी, ये सवाल तुम्हारा है या उसका?"

मी म्हटलं, तिच्यासाठीच विचारतेय.

"मैंने ये नहीं पूछा," ते म्हणाले. "तुम्हारे भाई ने हिंदा का सवाल पूछा. तुमने भी हिंदा का ही पूछा, बस तुम्हारी हिंदा दूसरी है. जिसका पेट है वो पूछे. दोपहर को ज़ुहर की नमाज़ के बाद फोन पर बैठता हूँ."

उत्तर न देता त्यांनी आम्हाला परत पाठवलं. अब्बा स्टेशनवर हसत होते. मला हसू आलं नाही. मला राग आला होता, त्यांचाही आणि तुझाही, आणि बाकी कुणाचा ते लिहीत नाही.

भाभीला सांगितलं तेव्हा ती नाहीच म्हणाली. परक्या माणसाशी असं बोलायचं कसं, आणि तेही नवऱ्याच्या मागे. मी तिला म्हटलं, तू विचारणार आहेस, मी तुला उठवून फोनजवळ बसवणार. ती म्हणाली, "तू और तेरे भाई, दोनों एक जैसे. मुझे बैठाते ही रहते हो."

तरी मी सोडणार नाही. रमजान परवापासून. तुझ्याकडे चंद्र दिसला तर फोन कर, मला नाही, अब्बांना.

अंजुम


सालेकसा
९ सप्टेंबर २००८

भाईजान,

भाभीनं काल विचारलं. मी बसवलं नाही, तिनं स्वतः अब्बांचा मोबाइल मागून घेतला. आठवडाभर मी तिच्या मागे लागले होते, तेव्हा ती हलली नाही. दोन दिवस गप्प बसले, तेव्हा उठली.

खोलीत आम्ही दोघीच होतो, तरी तिनं नंबर लावायच्या आधी ओढणी कपाळापर्यंत ओढून घेतली. फोनला पडदा. मी बाहेर जायला निघाले तर तिनं हातानं थांबवलं.

तिनं काय विचारलं ते लिहिते, कारण ते मला माहीत नव्हतं आणि मला वाटतं तुलाही नाही.

"मेरा नाम साबेरा है," ती म्हणाली. "दो बच्चे हैं, तीसरा पेट में. मुझे पाँच चाहिए थे. डॉक्टर बोलती है चौथे में मैं नहीं बचूँगी. बंद करवा लूँ तो अल्लाह पूछेगा क्या, कि मेरी दी हुई चीज़ तूने क्यों फेंकी?"

पाच, भाईजान. दोन वर्षं मी या घरात तिच्याबरोबर एका ताटात जेवतेय. तिला पाच हवी होती हे मला कधी कळलं नाही. मी तिची सुटका करायला निघाले होते. तिला सुटका नको होती. तिला जगायचं होतं, आणि जे बंद होणार त्याचं दुःखही करायचं होतं. तू तिला मनाई करत होतास अशा गोष्टीची जी तिनं मागितलीच नव्हती, आणि मी तिच्यासाठी भांडत होते अशा गोष्टीसाठी जी तिला नको होती.

मुफ्ती साहेबांनी पुन्हा सगळं विचारलं. तांबी, गोळ्या. त्या तिसऱ्या उपायापाशी ती अडकली, पण बोलली. मग म्हणाले, "बेटी, फेंकना उसको कहते हैं जो बेज़रूरत हो. जान भी उसी की दी हुई है, पहले उसको सँभालो. करवा लो. तुम पर गुनाह नहीं."

नवऱ्याला लपवू नकोस, असंही सांगितलं. त्याला समजाव, त्याचा राजीपणा मिळव. त्या दिवसापर्यंत मिळाला नाही तर जीव आधी.

भाभीनं फोन मला दिला. मी लगेच विचारलं की हे आमच्या गावांतल्या बायकांना सांगू का, कितीतरी जणी अडून आहेत. म्हातारे चांगलेच खडसावून बोलले. म्हणाले की हे उत्तर साबेराचं आहे, मोहल्ल्यात वाटायला नाही. जिला नुसती दोन पुरेत तिला मी हेच उत्तर देणार नाही, आणि याच सवालावर दुसरा आलिम वेगळंही बोलेल. ज्या त्या बाईनं आपला सवाल आणावा.

मला हे पटलेलं नाही. जिला दोनच पुरेत तिच्यासाठीही मी भांडेन, ती माझी आणि त्यांची वेगळी गोष्ट. पण काल एका बाईकडे गेले आणि पहिल्यांदाच शिबिराची तारीख सांगायच्या आधी तिला विचारलं की तुला काय हवंय. ती इतकं बोलली की माझी बस गेली.

भाभी आज रात्री तुला हे सगळं सांगेल. मध्ये बोलू नकोस. पाच हा आकडा येईपर्यंत तरी नाही.

अंजुम


गोंदिया
२१ सप्टेंबर २००८

भाईजान,

मुलगी झाली. काल सकाळी. दोघी बऱ्या आहेत, हे आधी वाच. बाकी बसून वाचलंस तरी चालेल.

त्या रात्री तिचं पूर्ण ऐकून तू म्हणालास, सोचकर बताता हूँ. त्यानंतर रोज तुझा फोन यायचा. सना कशी आहे, खजूर पोचले का, तिथं इफ्तारला काय असतं. एवढंच. भाभी प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर थोडा वेळ हातातच धरून बसायची. तुझी अडचण ती जाणते. परवा मला म्हणाली की तकरीर करून बसलेल्या माणसाला बायकोसाठी हुकूम बदलला असं लोक म्हणतील, त्यांची रोजी त्या मशिदीवर आहे. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, "फिर कुछ नहीं. मैं समझती हूँ, बस."

काल टेबलवर घ्यायच्या आधी डॉक्टरबाईंनी विचारलं, "साबेरा, मोठ्याबरोबर छोटंही करायचं ना? घरी सगळ्यांचं ठरलं?"

मी दारात होते. मला वाटलं ती माझ्याकडे बघेल. अब्बा मागे उभे होते, त्यांच्या हातात फोन होता, तो तुझ्यासाठी चालू ठेवला होता. तिनं कुणाकडेच पाहिलं नाही. मराठीत म्हणाली, "माझं ठरलं आहे. करा." तिचं मराठी कच्चं आहे, तुला माहीत आहे. ही दोन वाक्यं तिनं कुठून तरी पाठ करून ठेवली असणार.

नंतर डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि अब्बांना बसवून बोलल्या. पोट उघडलं तेव्हा जुन्या टाक्याच्या जागी पिशवी इतकी विरली होती की कापायच्या आधीच आतलं दिसत होतं. तुझ्या मुलीचं जावळ त्यांना पिशवीतूनच दिसलं, भाईजान. पातळ कापडाआडून दिसावं तसं. अजून आठवडा थांबलो असतो तर याच खेपेला काय झालं असतं ते बोलायची गरज नाही, असं त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. अब्बा तिथंच बसले. रोजा होता, पाणीही देता येईना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी काढला नाही.

बाळाच्या कानात अजान अब्बांनीच दिली. आवाज बकरे हाकायचा, तो हळू करता करता दोनदा चुकले. नर्स हसली. बाळाला जावळ भरपूर आहे.

दुपारी भाभीला शुद्ध आली. बाळाला पाहिलं, पाजलं. मग चादरीवरून पोटावर हात ठेवून बराच वेळ पडून राहिली आणि रडली. मी तिला हे कसं योग्यच झालं ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तीन झाली, दोन राहिली. ते रडायचंच होतं.

संध्याकाळी अब्बांनी तुला फोन लावला, तू उचललास, मुलगी झाली हे ऐकलंस आणि विचारलंस, "छोटा भी?" अब्बा हो म्हणाले. अब्बांनी फोन भाभीकडे दिला तोवर कापला गेला होता. तू कापलास की आपोआप गेला, हे मी ठरवत नाही. ठरवायचं सोडलं आहे.

आज सकाळी मी भाभीला विचारलं की भाईजानला पत्र लिहितेय, तुझ्याकडून काय लिहू. मला वाटलं ये म्हणेल, किंवा माफ करा म्हणेल. माझ्याकडे दोन्हीची वाक्यं तयार होती. ती थोडी उठून बसली, बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि म्हणाली:

"मेरा सवाल मैंने पूछ लिया. उनका कोई सवाल हो तो हिंदा से नहीं, आकर मुझसे पूछें."

तिनं सांगितलं तसं लिहिलं. माझा एक शब्द त्यात नाही.

अंजुम